टोपीचा बोल्ट किती आवळायचा?

कर्जतजवळच्या दहिवलीतल्या माझ्या दुकानात दोन जातींच्या सायकली येतात. शाळेच्या पोरांच्या नि दूधवाल्यांच्या दणकट काळ्या, आणि शनिवार-रविवारी मुंबई-पनवेलकडून येणाऱ्या गियरच्या. दोन्हींची हँडलं छर्‍यांवरच फिरतात. ते छर्रे किती दाबून बसवायचे, याची रीत मात्र दोन्हीकडे वेगळी.

काळ्या सायकलीच्या चिमट्याच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या, नळीला आटे असतात. वरची वाटी आट्यांवरून फिरवत खाली आणायची, खुळखुळ गेली की थांबायचं आणि वर नट आवळून ती जखडायची. नट आवळताना वाटीही सोबत फिरू बघते. तिला दुसऱ्या पान्याने धरून ठेवण्यात कारागिराचा हात दिसतो.

गियरच्या सायकलींची रीत वेगळी. 1992 साली अमेरिकेत जॉन रेडर यांना बिनआट्याच्या हेडसेटचं, म्हणजे छर्रे-वाट्यांच्या संचाचं, पेटंट मिळालं. डाया-कॉम्पेने तो ‘अहेडसेट’ या नावाने विकला. चिमट्याची नळी साधी ठेवायची, हव्या त्या उंचीला कापायची आणि हँडल धरणारा स्टेम बाहेरून तिच्यावर आवळायचा. मोठे पाने गेले, अ‍ॅलन की आली. आपल्याकडच्या पावसात जुना स्टेम नळीच्या आत गंजून बसतो. ती कटकटही गेली.

नळीच्या आत, वरून साधारण 15 मिलिमीटर खाली, चांदणीच्या आकाराचा नट ठोकलेला असतो. त्याचे वाकवलेले दाते नळीच्या भिंतीला चावतात. वरच्या टोपीचा बोल्ट या नटात जातो. तो आवळला की चिमटा वर ओढला जातो, टोपी स्टेमला खाली दाबते आणि मधले स्पेसर (उंची भरणाऱ्या चकत्या) व बेअरिंग चेपून बसतात. यासाठी नळीचं तोंड स्टेमच्या किंवा वरच्या स्पेसरच्या काठापेक्षा सुमारे 3 मिलिमीटर खाली असावं लागतं. नाहीतर टोपी नळीलाच टेकते. मग कितीही आवळा, दाब येणार नाही.

दाब एकदा बसला की तो धरून ठेवतात ते स्टेमचे बाजूचे बोल्ट. कर्जतला रेल्वेगाडीच्या मागे बँकर इंजिन लागतं, घाट चढवून देतं आणि सुटं होतं. टोपीच्या बोल्टचं कामही तेवढंच. म्हणून क्रम असा: बाजूचे बोल्ट ढिले करा, चाक आणि हँडल सरळ रेषेत आणा, टोपीचा बोल्ट हलक्या हाताने खुळखुळ जाईपर्यंत फिरवा, मग बाजूचे बोल्ट आळीपाळीने, स्टेमवर छापलेल्या आकड्याइतके आवळा. तो बहुधा 5-6 न्यूटन-मीटर असतो.

एका पावसाळ्यात एक गृहस्थ आले. ब्रेक दाबला की पुढून ‘टक’ वाजायचं. त्यांनी बाजूचे बोल्ट न सोडताच टोपीचा बोल्ट जोर लावून पिळला होता. स्टेम जागचा हलला नाही. आतली चांदणीच वर सरकून आली. टोपी काढल्यावर नळीच्या आत दात्यांनी ओढलेल्या चकचकीत रेघा दिसत होत्या.

कार्बनच्या नळीत चांदणी ठोकायची नाही, दाते धागे कापतात. तिथे फुगणारा प्लग बसवतात. तो आतून भिंतीला आधारही देतो, म्हणून तो जागेवर राहिलाच पाहिजे. काही सायकलींत स्टेमखाली एक कडी असते. तिचा बारीक स्क्रू फिरवला की कडी उंचीला वाढते आणि बेअरिंगवर दाब येतो. इथे क्रम उलटा: आधी स्टेम आवळायचा, मग स्क्रू. नळीतून आरपार लांब बोल्ट घालून चिमट्याच्या बुडापासून ओढण्याचीही एक पद्धत आहे. सायकल हातात आली की आधी यातलं काय आहे ते पाहावं, मग किल्ली उचलावी.

तपासायचं कसं? पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा. एक बोट फ्रेम आणि वाटीच्या फटीवर ठेवा. हिसका बोटाला जाणवला तर हेडसेट ढिला. नाही जाणवला तर खुळखुळ ब्रेकच्या पॅडची किंवा सस्पेन्शनची असू शकते. मग पुढचं चाक उचलून सायकल किंचित तिरकी करा. हँडल आपोआप एका बाजूला पडलं पाहिजे. अडखळलं तर दाब जास्त आहे, किंवा वायर ताणल्या जाताहेत.

ढिला हेडसेट बेअरिंगवर ठोके घालत राहतो, जास्त आवळलेला रेसवर, म्हणजे छर्रे फिरतात त्या खाचेवर, खड्डे पाडतो. असे खड्डे पडले की हँडल बरोबर मधोमध अडकतं. खालच्या बेअरिंगवर पुढच्या चाकाचं पाणी थेट उडतं. आपल्या पावसात तिथलं ग्रीस आधी धुऊन जातं. म्हणून गणपती झाले की चिमटा खाली उतरवून ते बघावं.

खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरण्याआधी कुणी दुकानात येऊन ब्रेक दाबून बघ म्हटलं, तर मी पैसे घेत नाही. खड्डे पडलेलं बेअरिंग बदलायचे घेतो.