कव्हरच्या पाठीमागची नावं

आवडते अल्बम कोणते असं कुणी विचारलं की माझ्या तोंडी तीन नावं आधी येतात. पिंक फ्लॉइडचे ‘द डार्क साइड ऑफ द मून’ आणि ‘विश यू वेअर हिअर’, आणि पॉल सायमनचा ‘ग्रेसलँड’. तिन्ही मला मावशीने ऐकवले. संगीताच्या बाबतीत आज मी जी कोणी आहे ती तिच्यामुळे आहे.

मावशी फोर्टातल्या एका बँकेत नोकरीला होती. पगार झाला की काळा घोड्याला ऱ्हिदम हाउस या रेकॉर्डच्या दुकानात जायची. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे गिरगावात राहायला जायचे. रेकॉर्ड ऐकण्याचे तिचे नियम कडक होते. मधलंच एखादं गाणं लावायचं नाही, गाणं चालू असताना बोलायचं नाही आणि सुई ठेवायच्या आधी कव्हरवरचा बारीक मजकूर वाचायचा. ‘‘बँडचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं गं. बाकीची माणसं कोण आहेत ती बघ.’’

‘डार्क साइड’ 1973 चा. त्याची पहिली बाजू ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ने संपते. बँडमधल्या रिचर्ड राइटचा पियानो सुरू होतो आणि मग एक बाई गाऊ लागते. शब्द एकही नाही. आवाज वर चढत जातो, आक्रोश करतो, मग दमून खाली उतरतो आणि शेवटी जवळजवळ कुजबुजतो. घरात आलाप ऐकत वाढल्यामुळे शब्दांवाचूनचं गाणं मला परकं नव्हतं, पण इतकं उघडं दुःख मी गाण्यात ऐकलं नव्हतं. मावशीने कव्हर उलगडून एका नावावर बोट ठेवलं. क्लेअर टॉरी.

तिची हकीकत मला पुष्कळ उशिरा कळली. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत ॲलन पार्सन्स ध्वनिमुद्रण करत होता, त्यानेच तिला सुचवलं होतं. ती तेव्हा पंचविशीची होती. शब्द नाहीत, आवाज वाद्यासारखा वापर, एवढंच तिला सांगण्यात आलं. ती गायली, तीस पौंड घेतले आणि घरी गेली. आपलं गाणं रेकॉर्डवर आलं आहे हे तिला दुकानात कव्हरवर स्वतःचं नाव पाहून कळलं! ती चाल तिने तिथल्या तिथे उभी केली होती, पण संगीतकार म्हणून नाव एकट्या राइटचं लागलं. 2004 मध्ये ती कोर्टात गेली. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांवर गायनाची रचना तिची म्हणून नोंद होऊ लागली. ही बातमी मी मावशीला फोन करून सांगितली. ती म्हणाली, ‘‘म्हणजे आता मालकीण झाली.’’ तिचा आवाज भरून आला होता.

‘विश यू वेअर हिअर’ 1975 चा. बँडपासून दुरावलेल्या सिड बॅरेटची आठवण त्यात भरून आहे. अल्बमच्या ध्वनिमुद्रणाच्या दिवसांत सिड स्वतः स्टुडिओत आला, तर डोकं आणि भुवया भादरलेल्या त्या स्थूल माणसाला जुन्या मित्रांनी आधी ओळखलंच नाही. शीर्षकगीतात एक गिटार जुन्या रेडिओतून आल्यासारखी बारीक वाजते आणि दुसरी अगदी कानाशी येऊन तिला साथ करू लागते. हा अल्बम मावशीने मला नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर भरून दिला. एका बाजूला अख्खा ‘डार्क साइड’, दुसऱ्या बाजूला अख्खा हा. आतल्या कार्डावर गाण्यांखाली तिने वादकांची नावं देवनागरीत लिहिली होती. ‘हॅव अ सिगार’ हे गाणं बँडपैकी कुणी नव्हे तर रॉय हार्परने गायलं आहे, हे मला त्या कार्डावरून कळलं.

‘ग्रेसलँड’वर मात्र आमचं एकमत नाही. वर्णद्वेषी राजवटीमुळे दक्षिण आफ्रिकेवर सांस्कृतिक बहिष्कार होता, तरी 1985 मध्ये सायमन जोहान्सबर्गला जाऊन तिथल्या कलावंतांबरोबर वाजवून आला. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने त्याचा निषेध केला. लढणाऱ्यांनी बहिष्कार घातला असेल तर बाहेरच्याने तो मोडू नये, असं मावशीचं ठाम मत आहे. मी तिला बाकिथी कुमालोचा बास ऐकवते. ‘यू कॅन कॉल मी ॲल’मधला तो छोटा तुकडा! अर्धा त्याने वाजवलेला आणि उरलेला अर्धा तोच टेप उलटा फिरवून जोडलेला. सोवेटोतला हा वादक माझ्यापर्यंत दुसऱ्या कोणत्या वाटेने आला असता? शिवाय सायमनने या वादकांना न्यूयॉर्कच्या दराच्या तिप्पट मानधन दिलं होतं, हेही मी तिला सांगते. तिला ते पुरेसं वाटत नाही. ‘ग्रेसलँड’च्या कॅसेटच्या कार्डावर कुमालोचं नाव मात्र तिनेच लिहिलं होतं, आणि त्याखाली गिटारवादक रे फिरीचं. आम्ही दोघी अजून यावर भांडतो.