दोन रात्रींचा मुक्काम

हॉटेलांच्या जाहिरातीत ‘शहराच्या ऐन मध्यावर’ हे शब्द ठरलेले असतात. एखाद्या सपाट, आटोपशीर गावाच्या बाबतीत त्यांना अर्थ असेलही. पण जे शहर सात टेकड्यांवर वसले, जे निम्मे युरोपात आणि निम्मे आशियात आहे आणि ज्याच्या पोटातून समुद्र वाहतो, त्या इस्तंबूलचा मध्य कोणता म्हणायचा? तिथे मध्यावर असल्याचे सांगणारी हॉटेले मी पंधरा दिवस पाहत होते. हळूहळू माझा शोध नकाशावरून उठला आणि अम्मीच्या गुडघ्यांवर येऊन बसला.

अम्मी शहात्तर वर्षांची. दोन्ही गुडघे झिजलेले. सपाटीवर काठी टेकत ती बरीच चालते, चढ आला की थांबते आणि उतार आला की घाबरते. दुबईला असलेल्या धाकट्या भावाने २०२४च्या ऑक्टोबरात तिला समुद्रसफर घडवायचे ठरवले. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून निघायचे, वाटेतली बेटे पाहायची आणि आठव्या दिवशी सकाळी इस्तंबूलला उतरायचे. ‘आपा, जहाजाचं मी बघतो. उतरल्यावरचे दोन दिवस तू बघ,’ असे म्हणून तो मोकळा झाला.

खरे तर जहाजाचे बघायचे असे काही नसतेच. तिथे माणूस लाडावतो. खोली, जेवण, डॉक्टर, लिफ्ट, सगळे हाताशी. शहरेच आपल्याकडे चालत येतात. मग शेवटच्या रात्री रंगीत चिठ्ठ्या बांधलेल्या बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात, आणि सकाळी नऊ-दहाच्या सुमारास तुम्ही त्या बॅगांसह धक्क्यावर उभे असता. हॉटेलातली खोली दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही. हे मधले चार-पाच तास म्हणजे अशा मुक्कामाची खरी परीक्षा. धडधाकट माणूस सामान हॉटेलात टाकून भटकायला जाईल. शहात्तर वर्षांच्या बाईने काय करायचे? म्हणून पहिली अट ठरली की हॉटेल धक्क्यापासून जवळ हवे आणि खोली मिळेपर्यंत पाय वर घेऊन बसता येईल अशी जागा तिथे हवी.

इस्तंबूलची प्रवासी जहाजे काराकोय-तोपहाने भागात लागतात. २०२१मध्ये तिथे नवे बंदर सुरू झाले. त्याचे वैशिष्ट्य असे की उतारूंची तपासणी जमिनीखाली होते आणि वरचा किनारा लोकांना फिरायला मोकळा राहतो. तोपहाने म्हणजे आपला तोपखाना. तुर्की भाषेत असे ओळखीचे शब्द पावलोपावली भेटतात. तळमजल्याला ते ‘झेमिन’ म्हणतात, म्हणजे आपली जमीन. त्यांचा ‘मिसाफिर’ मात्र थोडा वेगळा आहे. आपल्याकडे मुसाफिर म्हणजे प्रवासी, त्यांच्याकडे पाहुणा.

भावाच्या मित्रांनी ताक्सीम सुचवले होते. चौक मोठा, बाजार मोठा, विमानतळाची बस तिथूनच सुटते. पण ताक्सीम टेकडीवर आहे. बंदरावरून तिथे जायचे तर ट्रामने काबाताशला जाऊन उताराच्या रेल्वेने वर चढायचे, आणि जुने शहर पाहायला रोज पुन्हा खाली उतरायचे. दुसरे सगळे सांगत होते, सुलतानअहमदमध्येच राहा. आयासोफिया आणि निळी मशीद दाराशी. तेही खरे. पण तिथली पुष्कळ हॉटेले मार्मरा समुद्राकडे उतरणाऱ्या गल्ल्यांत आहेत. नकाशात मशीद तीनशे मीटरवर दिसते. ते तीनशे मीटर उभे आहेत हे नकाशा सांगत नाही. शिवाय रस्त्याला घडवलेल्या दगडांची फरसबंदी. काठीचे टोक त्यांच्या फटीत अडकते.

राहता राहिले सिर्केजी. १८९०मध्ये बांधलेले जुने रेल्वे स्टेशन तिथे आहे. युरोपातून येणारी ती प्रसिद्ध ओरिएंट एक्स्प्रेस इथे थांबायची, म्हणून आसपास उतारूंच्या हॉटेलांची वस्ती झाली. आपल्या बोरीबंदरच्या आसपास झाली तशीच. भाग थोडा कळकट, दुकानांचा, गजबजलेला. पण सपाट! बंदराजवळच्या तोपहाने थांब्यावरून ट्राम निघते ती काराकोय, मग पूल ओलांडून एमिनोनू, मग सिर्केजी. पुढे गुलहाने आणि सुलतानअहमद. चढ ट्रामने चढायचा, आपण नाही. ट्रामचे दार फलाटाच्या पातळीला असते, पाय उचलून टाकावा लागत नाही.

तीन हॉटेलांना मी पत्रे पाठवली. गच्चीवरून काय दिसते आणि नाश्त्याला काय असते हे त्यांनी न विचारताच कळवले असते. मी विचारले की रस्त्यापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती आहेत, न्हाणीघरात टब आहे की सपाट जमीन आणि सकाळी दहाला आलो तर बसायला जागा आहे का. जुन्या इमारतींत लिफ्ट नंतर बसवलेली असते. ती बऱ्याचदा अर्धा जिना चढल्यावर सुरू होते. एका हॉटेलाने ‘आमच्याकडे लिफ्ट आहे’ एवढेच उत्तर तीनदा पाठवले. दुसऱ्याने उत्तरच दिले नाही. तिसऱ्याने लिहिले, दारात दोन पायऱ्या, कठडा आहे, न्हाणीघर सपाट, आणि तुमच्या आईंसाठी पहिल्या मजल्यावरची खोली ठेवतो. त्या पत्रात ‘मध्यावर’ हा शब्द नव्हता. मी तिथेच पैसे भरले.

संडासात पाण्याची सोय असेल का, ही चिंता युरोपात फिरणाऱ्या प्रत्येक मुसलमानाला असते. आपण ती चारचौघांत बोलत नाही एवढेच. तुर्कस्तानात ती मिटते. तिथे कमोडलाच पाण्याची नळी असते आणि तिच्या नळाला नावही ‘तहारेत’चेच आहे.

आपल्या वडीलधाऱ्यांना ही विद्या चांगली अवगत होती. मुंबईहून हजची जहाजे १९९५पर्यंत जात होती. माझे आजोबा तशाच एका जहाजाने हज करून परतले, तेव्हा क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरले होते. ही जागा कुणी निवडली असेल त्याला सलाम करावा. गोदी जवळ, बोरीबंदर जवळ, जामा मशीद जवळ, खजूर-अत्तराचा बाजार दारात आणि कोकणची बोट पकडायला भाऊचा धक्काही हाकेच्या अंतरावर. जहाजातून उतरलेल्या, जमीन अजून पायाखाली डोलते आहे अशा माणसाला यापेक्षा अधिक काय हवे? आपल्या गावोगावच्या जमातींनी मुंबईत घेतलेल्या खोल्याही याच हिशेबाने घेतल्या होत्या. अब्बा जहाजावरून सुटीवर आले की आधी तिथे पेटी टेकवत आणि मग गावची वाट धरत.

अब्बांचा विषय निघाला, तर अम्मीची अटही सांगते. तिची अट एकच होती. अब्बा मालवाहू जहाजावर इंजिनखात्यात होते. ओडेसा, कॉन्स्टान्झा या काळ्या समुद्रावरच्या बंदरांत त्यांची जहाजे गेली. तिकडे जायला बॉस्फरसशिवाय वाट नाही. १९३६च्या माँत्रो करारानुसार व्यापारी जहाजांना त्या सामुद्रधुनीतून मोकळी ये-जा आहे. जहाज इस्तंबूलला न थांबता शहराच्या मधून निघून जाते. बारा ते चारची पाळी संपवून अब्बा एका पहाटे डेकवर आले, तर दोन्ही काठांवर मिनारच मिनार आणि अजान दोन्हीकडून येतेय. ते पाऊल टेकवू शकले नाहीत. ही हकिकत आमच्या घरी इतक्यांदा सांगितली गेली की त्या मिनारांची संख्या दरवर्षी वाढत गेली. अम्मी म्हणाली, ‘बाकी काय दाखवायचं ते दाखव. ते पाणी मला काठावरून बघायचंय.’

सिर्केजीच्या बाजूने आणखी एक गोष्ट होती, जी बहुतेक पुरुषांच्या ध्यानात येणार नाही. हॉटेलजवळ मशीद आहे का, हे आपल्याकडे घरातले पुरुष बघतात, कारण मशिदीत तेच जातात. अम्मीचे सगळे आयुष्य मशिदीच्या भिंतीला लागून गेले. आमच्या घराची आणि मशिदीची विहीर एकच आहे. पण उमऱ्याचे दिवस सोडले तर तिने मशिदीत नमाज पढलेली नाही. गावात बायकांसाठी जागाच नाही. मी दोन वेळा जमातीपुढे विषय काढला, दोन्ही वेळा ‘पुढच्या बांधकामाच्या वेळी बघू’ असे उत्तर मिळाले. बांधकाम झाले, नवे मिनार झाले, ती जागा राहिली. तुर्कस्तानात बायकांची जागा मशिदीत ठरलेली असते, कधी मागच्या बाजूला तर कधी वरच्या सज्जात. ती पुरेशी नाही म्हणून तिथल्या बायकाही तक्रार करतात. पण दार उघडे असते. एमिनोनूची ‘नवी मशीद’ तर बायकांनीच बांधवून घेतली. साफिये सुलतान यांनी १५९७मध्ये काम सुरू केले, ते रखडले आणि तुर्हान सुलतान यांनी १६६५मध्ये पुरे केले. दोघीही सुलतानांच्या माता. सिर्केजीहून तिथे चालत जाता येते, आणि चढ काय तो मशिदीच्या पायऱ्यांचा.

प्रत्यक्षात सगळे बरेचसे ठरल्याप्रमाणे झाले. बंदराबाहेर टॅक्सीवाल्यांना जवळचे भाडे नको होते. मुंबईकरांना हे नवे नाही. आम्ही ट्रामने गेलो. अकराच्या आत अम्मी हॉटेलच्या कोचावर पाय वर घेऊन चहा पीत होती. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. चार दिवसांहून कमी मुक्काम म्हणजे आम्ही मुसाफिरच, त्यामुळे त्या दिवशी जोहर आणि असर तिने कसर करून एकत्र पढल्या आणि झोपली. संध्याकाळी मगरिबला आयासोफिया. १४५३मध्ये मशीद, १९३०च्या दशकात संग्रहालय, २०२०मध्ये पुन्हा मशीद, असा तिचा प्रवास. बरोबर झाले की चूक, यावर आपल्यातही दोन मते आहेत, आणि संग्रहालय असते तर बरे असे म्हणणाऱ्यांत मी आहे. परदेशी पर्यटकांना जानेवारी २०२४पासून पंचवीस युरोचे तिकीट आहे, नमाजींचे दार वेगळे आणि विनामूल्य. अम्मीला माझ्या मताशी कर्तव्य नव्हते. ती बायकांच्या जागेत एका खांबाला पाठ लावून बसली आणि इशापर्यंत उठलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एमिनोनूहून निघणाऱ्या नव्या ट्रामने एयुपला गेलो. ही ट्राम गोल्डन हॉर्नच्या कडेकडेने जाते, वाट सगळी सपाट. तिथे हजरत अबू अय्यूब अन्सारींची मजार आहे. हिजरतनंतर हुजूर (स.) मदिनेत आले तेव्हा जो तो आपल्या घरी चला म्हणत होता. त्यांनी उंटिणीची दोरी सैल सोडली, ती जिथे बसली त्याच्या जवळचे घर या अबू अय्यूबांचे. घर दुमजली. हुजूरांनी तळमजला पसंत केला, तो सोयीचा म्हणून. पण आपण रसूलांच्या डोक्यावर चालतो आहोत या विचाराने यजमानाला झोप येईना. अखेर त्यांच्या आग्रहाखातर हुजूर वर राहायला गेले. मदरशात शिकलेली ही हकिकत अम्मीने मला मजारीसमोर पुन्हा सांगितली आणि विचारले, ‘आपल्या हॉटेलवाल्याने पहिला मजला दिला तो कितीत?’ मी आकडा सांगितला. तिने दुआ मागायला उचललेले हात क्षणभर तसेच राहिले.

दुपारी सरायबुर्नू. स्टेशनापासून किनाऱ्याने सपाट वाट आहे. आम्हाला तीनदा बसत बसत पाऊण तास लागला. तिथे जमीन संपते, आणि मार्मरा, गोल्डन हॉर्न आणि बॉस्फरस ही तिन्ही पाणी एकत्र येतात. समोर उस्कुदारचे मिनार. गळ टाकून बसलेली माणसे, तिळाचे गोल पाव विकणारा एक पोऱ्या. अम्मीने काळा समुद्र कुठल्या बाजूला ते विचारून घेतले. मी डावीकडे बोट दाखवले. बऱ्याच वेळाने एक मालवाहू जहाज आले, भरलेले, पाण्यात खोल बसलेले, कडेला गंज. ते डावीकडेच निघाले होते. मागच्या बाजूला कठड्याशी कुणीतरी उभे होते. इतक्या दुरून चेहरा कळत नव्हता. अम्मीने काठी माझ्या हातात दिली आणि उजवा हात वर केला, आणि ते जहाज वळणाआड जाईपर्यंत खाली घेतला नाही.

‘चल,’ ती म्हणाली, ‘असर त्या बायकांच्या मशिदीत पढू. पायऱ्या हळू चढू.’