परीक्षेला बसणे

परीक्षा ‘देणे’ आणि परीक्षेला ‘बसणे’ असे दोन प्रयोग आपल्या भाषेत आहेत. तीस वर्षे अध्यापनात घालविल्यावर दुसराच मला अधिक खरा वाटू लागला आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेला पुन्हा बसावयाचे, तर आधी वर्षभर घरी बसता आले पाहिजे. आणि बसून खाण्याची ऐपत कितीशा घरांत असते?

नियमांत दोष काढावयास जागा नाही. किती खेपा कराव्यात यास मर्यादा नाही. 2022 साली कमाल वयाची अटही उठली. दार सर्वांस सताड उघडे! परंतु तमिळनाडू सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती राजन समितीने 2021 साली जे आकडे पुढे ठेवले, ते पाहिले म्हणजे मन अस्वस्थ होते. त्या राज्यात पूर्वी बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळे. तेव्हा प्रवेश मिळविणाऱ्यांत फेरप्रयत्न करणारे सुमारे 12 टक्के असत. ‘नीट’ आल्यावर, 2020-21 मध्ये, ते 71 टक्क्यांवर गेले.

माझ्या परिचयाच्या एका डॉक्टरांच्या चिरंजीवांनी लातुरास खोली घेऊन तिसऱ्या खेपेस यश मिळविले. मुलगा कष्टाळू आहे. मी त्याच्या घरचे पेढे आनंदाने खाल्ले. त्याच वर्षी बीडकडील एक मुलगी आमच्या बी.एस्सी.च्या वर्गात आली. आईबाप ऊसतोडीला जाणारे. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत त्या घरात कोणासच बसता येत नाही. पहिल्या खेपेस तिला जे गुण पडले, ते त्या चिरंजीवांच्या पहिल्या खेपेपेक्षा अधिक होते. परंतु कितव्या खेपेचे गुण, हे प्रवेशयादीत कोण पाहतो?

“पुन्हा का नाही बसलीस?” मी विचारले.

“सर, घरी बसले असते तर लग्न लावून दिलं असतं. इथं नाव घातलं म्हणून होस्टेल मिळालं, जेवण मिळतं.”

वसतिगृहाची जागा कोणत्या तरी महाविद्यालयात नाव असलेल्यासच मिळते. डॉक्टर होण्यासाठी थांबलेल्या मुलीचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नसते. म्हणून ती आमच्याकडे वनस्पतिशास्त्र शिकते आणि रात्री जुन्या प्रश्नपत्रिका सोडविते. परवा तिने एवढेच विचारले, “आपले पेपर ‘नीट’च्या आधी संपतील ना, सर?”

मी विद्यापीठाचे वेळापत्रक काढून पाहिले. ‘नीट’ रविवारी होती. रसायनशास्त्राचा पेपर आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी.