चार बाजूंनी रान ठरत नाही

संपादकांनी विषय दिला तो असा : माध्यमिक शाळेत शिकवल्या जाणाऱ्या विषयांचं मोल. गणिताच्या बाजूनं लिहा, पण सूत्रं नकोत, असंही त्यांनी बजावलं. एकतीस वर्षं परभणी जिल्ह्यात आठवी ते दहावीला गणित शिकवून मी निवृत्त झालो. सगळ्या विषयांचं मोल सांगण्याचा मला अधिकार नाही. मी भूमितीबद्दल लिहितो. तेही एका रानाच्या निमित्तानं, कारण मे महिन्यापासून ते रान माझ्या डोक्यातून जायला तयार नाही.

दुधनेच्या काठच्या एका गावातला माझा जुना विद्यार्थी घरी आला. वय तिशीचं. दहावीला त्याला गणितात चांगले गुण होते, आणि ते माझ्या हाताखाली मिळवलेले होते. दोघा भावांची घरगुती वाटणी झाली होती. घरातल्या थोरल्या काकांनी तेहतीस फुटांवर गाठी मारलेला दोर घेऊन दोन्ही तुकडे स्वतः मोजले. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, हे आपल्याकडे शाळेत न गेलेल्यालाही पाठ असतं. दोन्ही तुकडे बारा दोर बाय दहा दोर भरले. बारा दाही एकशेवीस गुंठे, म्हणजे प्रत्येकी तीन एकर. (हिशेब सोपा व्हावा म्हणून मी आकडे किंचित गोल केलेत.) एक तुकडा सडकेला लागून सरळ काटकोनी, दुसरा ओढ्याच्या अंगानं तिरपा गेलेला. तिरपा याच्या वाट्याला आला.

"सर, मोबाईल घेऊन बांधानं फिरलो, तर एकशेनऊ दाखवायलाय. काका म्हणतेत, मी दोरानं मोजलंय, मोबाईल खोटा. भाऊ म्हणतो, मला सरळ तुकडा मिळाला म्हणून तुझ्या पोटात दुखायलंय. तुमी सांगा, खरं कोण?"

मी त्याला विचारलं, कर्ण मोजला का? त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याला कर्ण म्हणजे काय ते ठाऊक होतं. आपल्या रानालाही कर्ण असतो, हे मात्र त्याच्या मनात आलं नव्हतं. महिनाभर भांडण चाललं होतं, आणि त्या महिनाभरात एकदाही नाही.

आता थोडं आत शिरावं लागेल. आठवीत आपण त्रिकोणांच्या एकरूपतेची बाबाबा कसोटी शिकवतो : बाजू-बाजू-बाजू. तीन बाजूंची लांबी ठरली की त्रिकोण ठरला, तो हलत नाही, त्याचं क्षेत्रफळही ठरलं. त्याच वर्षी हेरॉनचं सूत्र येतं, तीन बाजूंवरून क्षेत्रफळ काढायचं. पण बाबाबाबा अशी कसोटी नाही. चार बाजू ठरल्या तरी चौकोन ठरत नाही. बारा, दहा, बारा, दहा या बाजूंची चौकट उभी असेल तर आत एकशेवीस गुंठे मावतात. ती कलंडवत नेली तर बाजू तेवढ्याच राहतात आणि आतलं रान कमी होत जातं, अगदी शून्यापर्यंत. तिला जागेवर खिळवतो तो कर्ण.

दुसऱ्या दिवशी आम्ही कर्ण मोजला. तोही बारा दोर भरला. म्हणजे बारा, बारा, दहाचे दोन त्रिकोण. एकेकाचं क्षेत्रफळ साडेचोपन्न गुंठ्यांच्या किंचित वर, दोघांचं मिळून एकशेनऊ. दोन एकर एकोणतीस गुंठे. कागदावर तीन एकर असलेल्या रानात अकरा गुंठे नव्हतेच. काकांनी लबाडी केली नव्हती, दोर ताणून नीट धरला होता. दोराला कोपरा कळत नाही, एवढंच.

समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणायचं, ही रीत काकांनी काढलेली नाही. ती फार जुनी आहे. इजिप्तमध्ये एडफूच्या देवळाच्या भिंतीवर दान दिलेल्या जमिनींची मापं कोरलेली आहेत, तीही याच रीतीनं. आपल्याकडे ब्रह्मगुप्तानं इ.स. ६२८ मध्ये हीच रीत दिली, पण तिला स्थूल म्हटलं, आणि सूक्ष्म फळासाठी वेगळी रीत सांगितली. ती वर्तुळात बसणाऱ्या चौकोनांनाच लागू पडते. आणि भास्कराचार्यांनी ११५० च्या लीलावतीत यावर स्पष्ट बोट ठेवलं. लंब किंवा कर्ण न सांगता जो चौकोनाचं नेमकं क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच्च, आणि जो ते सांगायला निघतो तो त्याहून मोठा, असं ते म्हणतात. इतका राग त्यांना येत असे. हा माणूस परका नव्हे. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवानं मठ काढला, त्याचा १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. म्हणजे यादवांच्या काळात, देवगिरीच्या राज्यात, गणित शिकण्यासाठी दान दिलं जात होतं.

सरासरीची रीत नेहमी जास्तच रान का दाखवते, याची सिद्धता चार ओळींची आहे आणि ती मला फार आवडते. संपादकांनी क्षमा करावी. कोणत्याही कोपऱ्यातल्या दोन बाजूंमध्ये होणारा त्रिकोण त्यांच्या गुणाकाराच्या निम्म्याहून मोठा होऊ शकत नाही, आणि बरोबर निम्मा होतो तो काटकोन असला तरच. चारही कोपऱ्यांचे असे चार त्रिकोण घेतले तर सगळं रान बरोबर दोनदा मोजलं जातं. म्हणजे रानाची दुप्पट ही त्या चार गुणाकारांच्या बेरजेच्या निम्म्याहून जास्त असू शकत नाही. आणि सरासऱ्यांचा गुणाकार सोडवला की नेमकी तीच बेरीज, चारानं भागलेली, हाती येते. झालं. चारही कोपरे काटकोनात असले तरच रीत खरी, एरवी ती रान वाढवून सांगणार. मोजणाऱ्याची नियत कशीही असो.

ही सिद्धता कळलेल्या माणसाला काकांवर संशय घ्यावा लागत नाही आणि मोबाईलवर विश्वासही ठेवावा लागत नाही. माध्यमिक शाळेत इतिहास, भूगोल, भाषा, विज्ञान या सगळ्यांत मुलाला शेवटी कोणाच्या तरी शब्दावर विसंबावं लागतं. पुस्तकावर, निदान उपकरणावर. भूमितीच्या तासाला चौदा वर्षांची पोरगी उठून म्हणू शकते, सर, तुमची तिसरी पायरी चुकली. आणि सरांना खडू खाली ठेवावा लागतो. माझ्यावर ही वेळ चार-पाच वेळा आली. ते माझ्या नोकरीतले सर्वांत चांगले दिवस होते.

"याचा उपयोग काय?" हा प्रश्न मला लग्नात, बसस्टँडवर, पालकसभेत विचारला गेला. लोक गणित म्हणजे हिशेब समजतात. हिशेब मोबाईल करतो, मग गणित कशाला? दहावी झाली की पोरगं लातूरला नाही तर नांदेडला क्लासला टाकायचं, तोवर विषय कसेबसे काढायचे, अशी घरोघरी धारणा. इतिहास-भूगोलाला 'स्कोरिंग विषय' म्हणतात, तेव्हा मला त्या शिक्षकांसाठी वाईट वाटतं. धरणाच्या भिंतीजवळ राहून पाणलोट क्षेत्र म्हणजे काय ते न कळलेली मुलं मी येलदरीच्या आसपास पाहिली आहेत.

मग वाद येतो गणित सक्तीचं असावं का, हा. दहावीला काही वर्षं सामान्य गणिताचा पर्याय होता, बीजगणित-भूमिती ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी. नववीला तो २०१७-१८ पासून बंद झाला, पुढच्या वर्षी दहावीला. २०१७ च्याच जूनमध्ये अध्ययन अक्षम मुलांविषयीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं विचारलं, गणित ऐच्छिक करता येईल का? २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात आलं की गणित-विज्ञानात पस्तीस नाही पण वीस गुण मिळाले तरी, गुणपत्रिकेवर शेरा घेऊन, मुलाला पुढं जाता येईल. ज्या मुलाच्या मेंदूला आकडे खरोखरच पकडता येत नाहीत, त्याला अडवून ठेवणं क्रूर आहे. अशी मुलं मी पाहिली, त्यांची रडवेली तोंडं आठवतात, आणि त्यांच्यासाठी वाट काढली पाहिजे हे मी तेव्हाही म्हणत होतो. पण बाकीच्यांचं काय? पर्याय दिला की तो कोण घेतं? ज्याच्या शाळेत गणिताची जागा दोन वर्षं रिकामी आहे, तो घेतो. ज्याच्या घरी विचारायला कोणी नाही, तो घेतो. कापूस वेचणीला आईबरोबर जावं लागतं म्हणून जिचा दिवाळीनंतरचा महिना बुडतो, ती घेते. मुलाला झेपत नाही असं आपण म्हणतो तेव्हा शिकवलंच गेलेलं नसतं. हे मी सभांमध्ये बोललो, कोणी फारसं ऐकलं नाही.

आणि तरी माझा विद्यार्थी या कोणत्याच गटातला नव्हता. त्याला मी शिकवलं होतं. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता अशी चार शीर्षकं आखून त्यानं प्रमेयं लिहिली होती, पैकीच्या पैकी गुण घेतले होते. फेब्रुवारी आला की मीच सांगत असे, ही सात प्रमेयं पाठ करा, यातलं एक येणारच. चाळीस गुणांच्या भूमितीत पोरं नापास होऊ नयेत म्हणून सांगत होतो. बाबाबा कसोटी शिकवताना चौकोनाला अशी कसोटी का नाही, हे वर्गात विचारायला पाच मिनिटं पुरली असती. एकतीस वर्षांत ती किती वेळा काढली, हे मोजायचं मी टाळतो आहे.

कर्ण मोजला त्या दिवशी काकाही रानात आले होते. आकडे त्यांना पटेनात. मी धुऱ्यावरच्या चार तुराट्या घेतल्या, दोन लांब, दोन आखूड, आणि कोपरे सुतळीनं बांधून चौकट त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दाबली. चौकट कलली. पुन्हा सरळ केली, पुन्हा दाबली. चारही तुराट्यांवरून बोट फिरवून पाहिलं, एकही आखूड झाली नव्हती. शेवटी पार चपटी होईस्तोवर दाबली आणि म्हणाले, "मंग आतलं रान गेलं कुटं?"

आम्ही तिथंच बांधावर बसलो. धाकट्या भावालाही बोलावून घेतलं. दोन्ही तुकडे मिळून दोनशे एकोणतीस गुंठे होतात, निम्मे केले तर सरळ तुकड्यातून साडेपाच गुंठ्यांच्या आसपास इकडे यायला हवेत. सामाईक धुरा किती फूट सरकवायचा, ते विद्यार्थ्यानं माझ्यादेखत काढलं, चप्पल बाजूला सारून मातीत काडीनं. भाऊ काही बोलला नाही, पण त्यानं तो आकडा दोनदा तपासून घेतला. पेरणी तोंडावर होती, म्हणून धुरा सोयाबीन निघाल्यावर हलवायचं ठरलं. गाठींचा दोर काकांनी माझ्याकडे ठेवायला दिला आहे.