सुर्खाबचे पर

एखादा फार मिजास दाखवू लागला की उर्दूत त्याला विचारतात, ‘तुझे क्या सुर्खाब के पर लगे हैं?’ वीस वर्षं मी हा मुहावरा वर्गात शिकवतोय. अर्थ सांगायचा, वाक्यात उपयोग लिहून घ्यायचा, पुढे जायचं.

आपल्याकडे 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. 5 तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, ते आपल्या शेजारच्या सोलापूरचे. 12 तारखेला सलीम अलींचा, ते मुंबईचे. त्या आठवड्यात आठवीतल्या एका मुलीने विचारलं, ‘सर, सुर्खाब कैसा रहता?’

‘असतो एक सुंदर पक्षी,’ मी म्हणालो. ती खाली बसली, पण मला दिवसभर चैन पडलं नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी बेंबळीतून क्रूझर ठरवून अकरा मुलांना घेऊन निघालो. एका पालकाने विचारलं होतं, ‘पाखरं बघून मार्क वाढतात का?’ मी म्हणालो, ‘नाही.’ तरी त्यांनी पोराला पाठवलं. फजर पढून निघालो. बार्शी, टेंभुर्णी करत भिगवणजवळ कुंभारगावला पोचेपर्यंत साडेदहा वाजले.

पुढ्यात उजनीचं पाणी. धाराशिव शहराच्या नळाला येतं तेच. नावाडी दादा म्हणाले, ‘आमची जमीन ह्याच पाण्याखाली हाय.’ भीमेवर धरण झालं, गावं उठली. आता तिथलीच माणसं मासे धरतात आणि पाहुण्यांना पाखरं दाखवतात.

रोहित पक्षी मोजकेच होते, तेही लांब. पाणी ओसरून चिखल उघडा पडला की त्यातले बारीक जीव खायला ते येतात. यंदा धरण भरलेलं. पण चित्रबलाक दिसले, राखी बगळे दिसले. एका बदकाचं नाव हळदी-कुंकू आहे हे ऐकून पोरी हसून हसून बेजार झाल्या.

मग दादांनी वल्हं थांबवलं. काठावर नारिंगी रंगाची एक जोडी बसली होती, डोकं जरा फिकट. ‘चक्रवाक. रातीला नर-मादीची ताटातूट होते म्हणतात.’

मी मोबाइलमध्ये उर्दू लुगत उघडली. सुर्खाब: पाण्यातला एक पक्षी, चकवा. चकवा म्हणजेच चक्रवाक! मराठीच्या तासाला ज्याच्या विरहाची गोष्ट सांगायची आणि उर्दूच्या तासाला ज्याच्या पिसांचा तोरा, तो एकच पक्षी होता. दोन्ही भाषा मीच शिकवतो आणि मलाच ठाऊक नव्हतं. त्या मुलीला जवळ बोलावून म्हणालो, ‘बेटा, हा बघ. त्या दिवशी मला माहीत नव्हतं.’ वर्गात हे वाक्य मी बहुधा पहिल्यांदाच बोललो.

काठावर जुहर पढलो, भाकरी, शेंगाची चटणी आणि उकडलेली अंडी खाल्ली. तेव्हा एका पोराच्या खिशातून गलोल डोकावताना दिसली. ओरडलो नाही. लहानपणी बेंबळीच्या माळावर मीही होले पाडलेत. त्याला सलीम अलींची गोष्ट सांगितली. दहाएक वर्षांचे असताना त्यांनी एक चिमणी मारली, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कुठली म्हणून मामांना विचारलं, तर मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथे मिलार्डसाहेबांनी कपाटं उघडून भुसा भरलेले पक्षी दाखवले. पुढचं सगळं आयुष्य त्या चिमणीमागे गेलं.

पोरगं ऐकून म्हणालं, ‘लेकिन सर, उनो भी पैले मारेच ना?’

मला उत्तर सुचलं नाही. खरंच आहे, मारलीच होती. फरक एवढाच की मारल्यावर त्यांनी तिचं नाव विचारलं.

सोमवारी त्याने वही दाखवली. एका पानावर दोन रकाने, उर्दू आणि मराठी. तेवीस पक्ष्यांची मराठी नावं होती, उर्दूच्या रकान्यात नऊ जागा रिकाम्या. खिसा अजून फुगलेला होता. मी गलोल मागितली नाही. त्या नऊ जागा आम्ही दोघं मिळून भरतोय.