गारवा आपल्या घरात, आवाज कुणाच्या दारात?

मराठवाड्याचा उन्हाळा काय असतो, हे या पानाच्या वाचकांना आम्ही नव्याने सांगायला नको. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या छत्रपती संभाजीनगरात पारा चाळिशी ओलांडतो. घर पत्र्याचे असो की स्लॅबचे, दिवसभर तापलेले छप्पर मध्यरात्रीपर्यंत खाली उष्णता सोडत राहते. पूर्वी अंगणात नाहीतर गच्चीवर बाजा टाकून माणसे झोपत. आता वस्त्या दाट झाल्या, अंगणे गेली, घरावर घर चढले. त्यामुळे कालपर्यंत साहेबलोकांची चैन समजला जाणारा एसी आज कामगाराच्या घरीही हप्त्यावर येऊ लागला आहे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. कष्टाच्या पैशाने घेतलेला गारवा हा हक्काचाच आहे.

मात्र खरेदीला गेलेला माणूस किंमत विचारतो, हप्ता विचारतो, तारे मोजतो. आवाजाची चौकशी क्वचितच करतो. वास्तविक झोपण्याच्या खोलीत बसवायच्या यंत्राबद्दल हा प्रश्न अगोदर यायला हवा. ज्या यंत्राने उकाडा जातो पण झोपही जाते, ते घेऊन उपयोग काय?

आमचे धाकटे बंधू वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत प्रेस मशीनवर कामाला आहेत. तीन पाळ्यांची नोकरी. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी आठला घरी येतात आणि ऐन उन्हाच्या वेळी त्यांची रात्र सुरू होते. प्रेसवर काम करणाऱ्याच्या दृष्टीने झोप ही चैनीची वस्तू नव्हे. तिथे एक डुलकी लागली तर बोटे जातात. वाळूजला ज्यांचे नातलग कामाला आहेत, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. घरात कूलर होता. पण खोली लहान आणि कूलरचा पंखा मोठा. त्याच्या घरघरीने बंधूंना झोप लागेना. शेवटी एका रविवारी ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, "दादा, तुम्ही हिशेबातले माणूस. एसी घ्यायचाय, चला आमच्यासंग."

आम्ही पेशाने कारकून, शिक्षण बी.कॉम. यंत्रविद्या आमचा विषय नाही. परंतु आकडा दिसला की तो पडताळून पाहायचा, ही सवय आहे. त्या सवयीने जे हाती लागले, ते येथे मांडतो.

प्रथम कूलरबद्दल. कूलर टाकाऊ आहे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता ओढून घेते, एवढेच त्याचे तत्त्व. आपल्याकडची एप्रिल-मेची हवा कोरडी असते, म्हणून तेव्हा कूलर चांगले काम देतो आणि वीजही थोडी खातो. परंतु मृगाच्या सरी पडल्या, हवा दमट झाली, की तोच कूलर चिकचिक वाढवतो. शिवाय त्याला पाणी लागते. जायकवाडीसारखे धरण जिल्ह्यात असूनही काही दिवसांआड येणाऱ्या नळावर दिवस काढणे म्हणजे काय, हे या शहराने वर्षानुवर्षे अनुभवले आहे. पिण्याचे पाणी ड्रममध्ये जपून ठेवणाऱ्या घराला कूलरची टाकी रोज भरणे परवडत नाही.

आता एसी. घरगुती एसी मुख्यतः दोन प्रकारचे. स्प्लिटमध्ये कॉम्प्रेसर घराबाहेर असतो आणि आत फक्त पंखा व थंड कॉइल, म्हणून तो आत शांत वाटतो. विंडोमध्ये कॉम्प्रेसर, दोन्ही बाजूंची कॉइल आणि पंखे एकाच पेटीत असतात आणि ती पेटी आपल्या उशापासून चार-पाच हातांवर. तेव्हा निव्वळ शांतता हवी असेल आणि ऐपत असेल, तर स्प्लिट बरा, हे आधीच सांगून टाकतो. पण विंडो सहसा स्वस्त पडतो, बसवायला तांब्याच्या नळ्यांचे काम लागत नाही, आणि भाड्याचे घर बदलले तर काढून नेणे सोपे जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्याचाही थोडा दिलासा आहे. बंधूंनी विंडोच घ्यायचे ठरवले. मग प्रश्न उरला, त्यातल्या त्यात शांत कोणता?

जालना रोडवरच्या एका दुकानात विक्रेत्याने यंत्र चालू करून दाखवले व म्हणाला, "बघा साहेब, आवाजच नाही." आवाज ऐकू कसा येणार? दुकानात दहा पंखे, चार टीव्ही आणि रस्त्यावरची रहदारी! अशा ठिकाणी कानावर विसंबू नये. यंत्राचे माहितीपत्रक मागावे आणि त्यात डेसिबलचा आकडा शोधावा. तो कमी वेगाचा आहे की जास्त वेगाचा, हेही विचारावे. कारण पत्रकात कमी वेगाचा आकडा ठळक छापलेला असू शकतो. एसीवर ऊर्जा दक्षता ब्युरोचे जे तारे चिकटवलेले असतात, ते विजेचे असतात, आवाजाचे नसतात. पाच तारे म्हणजे शांत यंत्र, हा गैरसमज आहे.

डेसिबल हे मापही किलोसारखे नाही. ५० किलो आणि ५३ किलो यांत फारसा फरक नसतो. परंतु ५० डेसिबलवरून ५३ वर गेले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणून दोन यंत्रांच्या पत्रकांत चार-पाचचा फरक दिसला, तर तो किरकोळ समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली शयनगृहातला सततचा आवाज ३० डेसिबलच्या वर नसावा, असे सुचवले होते. आम्ही पाहिलेल्या विंडो एसींच्या पत्रकांत आकडे पन्नासच्या आसपास होते. याचा अर्थ विंडोमध्ये 'शांत' हा शब्द तुलनेनेच घ्यायचा.

तरीही आकड्याने सगळे सांगून होत नाही. आपल्या पाणचक्कीच्या हौदाशेजारी दुपारी बसून पाहा. पाणी कोसळत असते, आवाज काही लहान नसतो, तरी बसल्याबसल्या डोळा लागतो. कारण तो आवाज एकसारखा आहे. कान एकसारख्या आवाजाला लवकर सरावतो. झोप मोडते ती मध्येच बंद पडणाऱ्या आणि मध्येच धाडकन सुरू होणाऱ्या आवाजाने. साध्या विंडो एसीचा कॉम्प्रेसर असाच बंद-चालू होतो. इन्व्हर्टर जातीचा कॉम्प्रेसर मात्र गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो आणि खोली गार झाली की हळू चालत राहतो. किंमत थोडी अधिक, पण झोपेच्या खोलीसाठी तो फरक मोजण्यासारखा आहे.

हेच टनाबाबत. एक टन म्हणजे यंत्राचे वजन नव्हे. अमेरिकन मापाचा एक टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ, २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता बाहेर टाकण्याची ताकद म्हणजे एक टन. "मोठा घ्या, लवकर गार होईल," असा सल्ला दुकानात हमखास मिळतो. पण लहान खोलीत मोठे यंत्र लावले तर ते झटक्यात गार करते, बंद पडते, पुन्हा सुरू होते आणि दर वेळी दणका देते. हवेतला दमटपणाही नीट जात नाही. फारच लहान घेतले तर ते रात्रभर ताकदीनिशी धापा टाकते. दहा बाय दहाच्या खोलीला साधारणपणे एक टन पुरतो. वर थेट स्लॅब असेल तर आधी गच्चीला पांढरा चुना मारावा आणि पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावावा. दीड टनाचा खर्च त्याने बरेचदा टळतो.

हिशेबाचे म्हणाल तर लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात आणि ते १६०० तासांचे असतात. समजा तिथे ८०० युनिट लिहिले आहेत, तर ताशी अर्धा युनिट झाला. रोज आठ तास, महिन्याचे २४० तास, म्हणजे १२० युनिट. आपल्या कडक उन्हात थोडे जास्तच धरावेत. ज्या घराचा वापर महिना ९० युनिट आहे, ते घर २१० वर जाते आणि महावितरणच्या शंभर युनिटांच्या पहिल्या टप्प्यातून बाहेर पडून पुढच्या, महाग टप्प्यात शिरते. हप्ता भरता येईल की नाही हे सगळे पाहतात. बिल भरता येईल की नाही हेही तितकेच पाहावे.

यंत्र निवडले म्हणजे काम संपले, असेही नाही. निम्मा आवाज बसवण्यात असतो. खिडकीची लोखंडी जाळी कापून, दोन फळ्या ठोकून यंत्र कोंबले की सगळी खिडकी थरथरते. त्याऐवजी सुताराकडून मापाची लाकडी चौकट करून घ्यावी, बाहेरून लोखंडी अँगलचा आधार द्यावा, यंत्राखाली रबराचे तुकडे ठेवावेत, फटी फोमच्या पट्टीने बंद कराव्यात. पेटीच्या बाजूला बाहेरच्या अंगाला ज्या झडपा असतात, त्या भिंतीत गाडल्या जाऊ नयेत. हवा कोंडली की कॉम्प्रेसर तापतो आणि आवाजही वाढतो. पुढची जाळी दर पंधरा दिवसांनी धुवावी. यंत्र अठरावर ठेवण्याऐवजी सव्वीसवर ठेवून छताचा पंखा मंद चालवला, तर गारवा पुरतो, आवाज व बिल दोन्ही उतरतात.

एवढे सगळे आम्ही दुकानात विचारत होतो. बंधूंची पत्नी गप्प ऐकत होती. शेवटी तिने विचारले, "दादा, आत शांत आहे हो, पण याची पाठ कुणाच्या घराकडं येणार?"

आम्हाला वाटते, सगळ्या चौकशीत हाच प्रश्न सर्वांत मोलाचा होता. त्यांच्या घराला दोन खिडक्या. एक बोळाकडे आणि दुसरी रस्त्याकडे. बोळ जेमतेम चार फुटांचा, आणि पलीकडच्या खिडकीला खाट लावून एक म्हाताऱ्या आजी झोपतात. बोळातली खिडकी सावलीची, यंत्राला सोयीची. पण विंडो एसी उष्णता नाहीशी करत नाही. आपल्या खोलीतली काढून बाहेर टाकतो. कॉम्प्रेसरची घरघर आणि गरम हवेचा झोत थेट आजींच्या उशाशी गेला असता.

असे दृश्य आम्ही नोकरीत अनेक वर्षे पाहिले. एका कार्यालयात साहेबांच्या केबिनला विंडो एसी होता. आत सगळे शांत, थंड. त्याची पाठ मात्र व्हरांड्यात उघडत होती. तिथे बाकावर शिपाई बसत आणि दाखल्यासाठी खेड्यापाड्यातून आलेली माणसे रांगेत उभी असत. आतल्या माणसाची उष्णता बाहेरची माणसे अंगावर घेत होती. 'आवाज नाही' असे आतून म्हणणे खोटे नव्हते. पण ते भिंतीच्या एकाच बाजूचे खरे होते.

ध्वनिप्रदूषणाचे नियम सन २००० पासून आहेत. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा त्यांत घातलेली आहे. लाउडस्पीकरच्या वेळी आपण तो नियम ऐकतो. परंतु चार फुटांच्या बोळात नियमापेक्षा शेजारधर्म आधी उपयोगी पडतो. बंधूंनी एक टनाचा इन्व्हर्टर विंडो घेतला आणि तो रस्त्याच्या खिडकीला बसवला. तिथे ऊन येते, म्हणून वर पत्र्याचे छज्जे काढले. यंत्राच्या मागे हवेला जागा मोकळी सोडली. खर्च वाढला, रस्त्यावरचा हॉर्न थोडा आत येतो. पण बंधू आता रात्रपाळीच्या आठवड्यातही सलग पाच-सहा तास झोपतात आणि बोळात पूर्वीसारखीच शांतता आहे.

वाचकांपैकी ज्यांना यंदा यंत्र घ्यायचे असेल, त्यांनी दुकानात जाण्याआधी घराची मापे कागदावर लिहून न्यावीत, पत्रकातला डेसिबलचा आकडा मागून घ्यावा, बिलाचा हिशेब घरातल्या बाईमाणसांसमोर मांडावा. आणि पैसे भरण्यापूर्वी एकदा खिडकीबाहेर जाऊन उभे राहावे. यंत्राची पाठ जिकडे होणार आहे, तिकडे कोण राहते, कोण झोपते, कोणाचे लेकरू परीक्षेला बसले आहे, हे तिथूनच दिसते.