अळूच्या पानांखालची डबी

विष्ठेविषयी चारचौघांत बोलू नये, असा आपल्याकडील संकेत आहे. माझी पस्तीस वर्षांची नोकरी मात्र तिच्याच तपासणीत गेली. मुंबईतील एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ होतो. सकाळी येणाऱ्या डब्या उघडणे हे माझे नित्यकर्म.

१९९४ च्या पावसाळ्यात आईला आव आणि रक्त पडू लागले. "असलं काही पोराच्या हातात द्यायचं का रे?" म्हणत तिने आठ दिवस ओव्याच्या पाण्यावर काढले. अखेर वसईहून गाडीने आली. पिशवीत डबी, डबीवर अळूची पाने. खिडकीपाशी गर्दी होती, म्हणून ती ओसरेपर्यंत माऊली बाकावर बसून राहिली. डबी माझ्या हाती आली तेव्हा तीन तास उलटून गेले होते.

आमांशाचा अमीबा ताज्या नमुन्यातच हलताना दिसतो. पातळ शौच अर्ध्या तासाच्या आत सूक्ष्मदर्शकाखाली जावे लागते. थंडावले की तो निपचित पडतो, पुढे विरूनही जातो. काचपट्टीवर एक थेंब मिठाच्या पाण्याचा, एक आयोडिनचा. पहिल्यात हालचाल पाहायची, दुसऱ्यात कोशांतील केंद्रके मोजायची. एका डबीत काही दिसले नाही तर दिवसाआड आणखी दोन मागवायच्या. हे सारे मला पाठ होते. तरी मी "जंतू आढळले नाहीत" असे लिहून सही केली. नमुना शिळा असल्याची नोंद केली नाही. आईची लाज कागदावर कशाला, असे वाटले असेल; किंवा नुसती घाई असेल.

त्या कागदावर विसंबून अमीबाचे औषध दिले गेले नाही. पुढल्या पंधरवड्यात ताप चढला, उजव्या बरगडीखाली कळा येऊ लागल्या. यकृतात गळू झाले होते. शौचाला रक्त पडतच होते. या खेपेस मी पडद्याबाहेर उभा राहिलो आणि डबी घेऊन तडक जिना उतरलो. पारदर्शक बोट पुढे काढीत तो सरकत होता. एन्टामिबा डिस्पार नावाचा त्याचा निरुपद्रवी जुळा भाऊ आदल्याच वर्षी निराळा ठरला होता. दोघांचे कोश दिसायला सारखेच. इथे मात्र शंकेला जागा नव्हती. त्याच्या पोटात आईच्या तांबड्या पेशी होत्या.

मेट्रोनिडॅझोलने ती बरी झाली. पहिल्या अहवालाविषयी मी तिला सांगितले, तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दिसतो तरी कसा? मला दाखवायचास की."